दहापैकी चार

उपासनी सर गेले, हे मला
नळस्टॉपच्या सिग्नलला कळलं.
लाल दिव्याचे अजून छत्तीस सेकंद होते.
'त्र्याऐंशी, दहावी ब' या ग्रुपवर
निळकंठ बेहेरेनं टाकलं होतं,
त्याला सहकारनगरच्या कुणीतरी पाठवलेलं,
त्या कुणीतरीला आणखी कुणीतरी.
खाली दवाखान्यातला एक फोटो.
नाकात नळी, तोंड उघडं, कवळी काढलेली,
सदऱ्याची वरची तीन बटणं सुटलेली.

छत्तीस सेकंदांत माणूस काय लिहिणार?
वरच्याचं उचललं, खाली चिकटवलं:
'एक मार्गदर्शक दिपस्तंभ हरपला.'
'दि' तेवढा दीर्घ केला. सवय.
हात जोडले, तीन वेळा.
मागचा रिक्षावाला हॉर्न देत होता.

दुपारपर्यंत सदतीस दीपस्तंभ हरपले.
एकानं उपासनींचं उपासे केलं.
एकानं चुकून केक पाठवला,
तो पाऊण तास तिथेच होता,
पेटलेल्या मेणबत्त्यांसकट.

चारच्या सुमाराला
सरांच्याच नंबरावरून मेसेज आला.
'मी आहे. गेले ते सहकारनगरचे उपासनी.
फोटो मात्र माझाच, जानेवारीतला.
दीपस्तंभ हरपत नाही. विझतो, फार तर पडतो.'

मग सॉरी सर, सॉरी सर,
आयुष्य वाढलं सर तुमचं,
आता शंभर नक्की!
सहकारनगरच्या उपासनींसाठी
कुणी काही लिहिलं नाही.
संध्याकाळी हापूसचे भाव.

रविवारी गेले मी. कर्वेनगर, दुसरा मजला,
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
सर दारात. सदरा गळ्यापर्यंत बंद.
'फोटो कुणी काढला?'
'काय माहीत. मी शुद्धीत नव्हतो.
मोबाइल होता.'

चहा त्यांनीच केला, साखर विचारून.
मग बराच वेळ खिडकीकडे बघत म्हणाले,
'बटणं तरी लावायची.
आता बेहेरेच्या मेहुण्यालासुद्धा माहीत आहे
दातांशिवाय मी कसा दिसतो.
बायकोला कधी दिसू दिलं नव्हतं.'

टेबलावर कॅलेंडरचं उलटं पान,
पट्टीनं आखलेलं:
नाव. मजकूर. गुण.
शून्य, शून्य, शून्य, केकला अर्धा
('निदान वेगळा विचार').
गौस मुलाणीला नऊ. त्यानं लिहिलं होतं,
'सरांची लाकडी पट्टी मी चोरली होती.
अजून आहे घरात.'
'दहा का नाही?'
'दहा मी कुणाला देत नाही.'

वाणी, मृणालिनी: चार.
'कॉपी आहे,' सर म्हणाले,
'पण करताना वेलांटी सुधारलीस.
म्हणजे वाचलंस तरी.'

जिना उतरताना खिशात फोन थरथरला:
तुम्ही आत्ता जाऊन आलात ते ठिकाण कसं वाटलं?
पाच रिकाम्या चांदण्या.
मी कुणालाच सांगितलं नव्हतं
कुठे चाललेय ते.

गणपती उठले त्या आठवड्यात
सर खरंच गेले.
ग्रुपवर दोन तास सगळे गप्प.
'आधी खात्री करा,' बेहेरे म्हणाला.
कुणी करायची, ते कुणी म्हणालं नाही.
मी सरांचाच नंबर लावला.
सातव्या रिंगला त्यांच्या भाचीनं उचलला
आणि नुसतं 'हो' म्हणाली.

त्या रात्री मी एक वाक्य लिहिलं.
खोडलं. पुन्हा लिहिलं.
कुणाचं उचललं नव्हतं,
त्यामुळे ते तितकंसं चांगलं नव्हतं.
ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले.
सकाळपर्यंत सगळ्यांच्या खुणा निळ्या झाल्या,
एक सोडून.